मेबलला आलेली हाक

नवरा विल्फ गेल्यापासून डर्बीत मेबलला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. दुकानदार असो की बसवाला, तिकडच्या लाडाच्या बोलीत सगळ्यांचं एकच, "काय डक, बरं आहे ना?" ती फणकारायची, "मी काय बदक आहे?" विल्फ असताना चिडवायचा, "मेबल म्हणजे लाडकी. नाव ठेवायला तुझ्या आईबापांनी जरा घाईच केली गं!"

एके दिवशी बागेत मागून हाक आली, "मेबल, इकडे ये!"

"आले, आले!" म्हातारी बाकावरून धडपडत उठली.

मागची बाई ओशाळली. "तुम्हाला नाही हो, आमच्या पोरीला. जुनी नावं परत आलीत ना हल्ली!"

"नावं येतात," म्हणत मेबल खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच बाकावर आली, आणि पोरगी कधी एकदा आईच्या हातून निसटते नि मागून ती हाक येते, याची वाट बघत राहिली.