चोखण्यांचं झाड

शाळेतली चारशे पोरं एस्बेन लुंडगोरला टरकून असतात. तो शाळेचा केअरटेकर. छपरावर चढलेल्या पोराकडे त्याने नुसतं मान वर करून पाहिलं, की पोरगं पन्हळीला धरून गुपचूप खाली उतरतं. त्याची स्वतःची चार पोरं मात्र छपरावर चढायच्या भानगडीत पडत नाहीत. ती त्याच्याच अंगावर चढतात.

आस्गर नऊ वर्षांचा, विगो सात, बर्ट्राम पाच आणि लाऊ तीन. दर दोन वर्षांनी एक, वेळापत्रक छापून आणल्यासारखा. होर्सन्स गावात त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचं घर कुठलं, हे विचारावं लागत नाही. हिवाळ्यात त्यांच्या दारात सोळा हातमोजे पडलेले असतात आणि त्यात एकाचाही जोडीदार सापडत नाही. कपड्यांच्या मशीनमध्ये दर धुण्याला मूठभर खडे निघतात. विगो लोण्याच्या रिकाम्या डब्यात गोगलगाई पाळतो, आणि डबा भरलेला कुठला नि रिकामा कुठला हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. बर्ट्रामला पँट हा प्रकारच मान्य नाही. घरात गोंगाट चालू असला की एस्बेन निवांत कॉफी पितो. गोंगाट थांबला की कप टाकून पळत सुटतो.

त्याची खरी अडचण मोजणीची. चार आकडे मोजायला काय अक्कल लागते, असं ज्यांना एकच मूल आहे त्यांनी म्हणावं. गेल्या हिवाळ्यात तो पोहण्याच्या तलावावरून पाच पोरं घेऊन घरी आला. सगळ्यांचे केस ओले, सगळ्यांची नाकं लाल. पाचव्याने चार मीटबॉल खाल्ले, बर्ट्रामशी मारामारी केली, दात घासले, आणि मग शांतपणे सांगितलं, "माझी आई किर्स्टन. ती रडत असेल." तेव्हापासून सिसेल नवऱ्याला घराबाहेर सोडताना हातात एक चिठ्ठी देते. चिठ्ठीवर नुसतं लिहिलेलं असतं: ४.

सिसेल म्हणजे बायको. इस्पितळात सिस्टर. तिच्या वॉर्डात पेशंट तिला विचारून कण्हतात. घरातही शिस्त म्हणायची ती तिचीच. तिन्ही मोठ्या पोरांच्या तोंडातल्या रबरी चोखण्या तिनेच सोडवल्या. तीन वर्षं पुरी झाली की रविवारी उद्यानातल्या त्या म्हाताऱ्या लिंडनच्या झाडाकडे जायचं, फांदीला रिबिनीने चोखणी बांधायची, "गुडबाय" म्हणायचं आणि मागे न बघता घरी यायचं. गावातली सगळी लेकरं असंच करतात. झाडावर शेकडो चोखण्या लटकलेल्या आहेत, पानांपेक्षा जास्तच असतील. सिसेलला दर पोरामागे दहा मिनिटं लागली. आणि एस्बेनने काय केलं? बर्ट्रामच्या वेळी तिसऱ्या दिवशी पोराचा हुंदका ऐकवेना म्हणून तो पेट्रोल पंपावरच्या दुकानात जाऊन नवी चोखणी घेऊन आला. ती सिसेलला त्याच्या जॅकेटात सापडली. तेव्हापासून त्याचं घरातलं नाव "मेणबत्ती". जरा ऊब लागली की वितळणार.

आता लाऊची पाळी होती. नगरपालिकेच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे पुढचे दात पाहून सांगितलं होतं, "तोंड मिटलं तरी मधून सॉसेज आत जाईल." विगोने ते घरी लगेच लाऊवर करून पाहिलं. खरंच गेलं.

"तिघांचं मी केलं," सिसेल म्हणाली, "चौथ्याचं तू कर. रविवारी माझी ड्यूटी आहे. चारला घरी येईन तेव्हा चोखणी झाडावर पाहिजे. आणि पेट्रोल पंपाकडे फिरकायचं नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"तू मेणबत्ती आहेस."

एस्बेनला ते फार लागलं. चारशे पोरांवर दरारा असलेल्या माणसाला एक चोखणी सोडवता येऊ नये? या खेपेला करून दाखवायचंच, असं त्याने ठरवलं. आतून मात्र त्याला तुटत होतं. लाऊनंतर कोणी नव्हतं. चोखणी गेली की घरात बाळ म्हणून कोणी उरणार नव्हतं, आणि हे तो कोणाशी बोलू शकत नव्हता, बायकोशी तर मुळीच नाही.

रविवारी सकाळी त्याने पुढे मोठी पेटी असलेली सायकल काढली. पेटीत लाऊ, बर्ट्राम, दालचिनीचे बन, कोकोचा थर्मास, आणि शाळेची शिडी, कारण खालच्या फांद्या केव्हाच भरल्या होत्या. पेटीच्या चारी कोपऱ्यांना कागदी झेंडे. आमच्याकडे आनंदाची सबब सापडायची खोटी, झेंडे बाहेर. मोठी दोघं आपापल्या सायकलींवर.

झाडाला द्यायचं पत्र लाऊने आदल्या दिवशीच सांगितलं होतं आणि आस्गरने लिहून घेतलं होतं: "झाडा, ही घे. चावू नको. लाऊ."

वाटेत लाऊने चोखणी तोंडातून काढून विचारलं, "बाबा, झाड चोखतं?"

"नाही रे."

"चोखतं," विगो मागून ओरडला. "पण कोणी बघत नसताना."

लाऊ विचारात पडला. "मग झाडाचे दात वाकडे होतील."

"झाडाला दात नसतात, सोन्या."

"वाकडे होऊन पडले," बर्ट्राम म्हणाला. एस्बेनने पायडल जोरात मारलं.

झाडाखाली एक बाई आधीच आल्या होत्या, जुळ्या मुलींना घेऊन. मुलींचे फ्रॉक इस्त्रीचे, वेण्या घट्ट, आणि दोघीही चोखणीसाठी हंबरडा फोडत होत्या. बाई स्वतः ताठ उभ्या होत्या. "रडा, पण मागे बघायचं नाही," त्या म्हणत होत्या. एस्बेनला त्यांच्यात सिसेल दिसली आणि त्याने पाठ सरळ केली.

आणि काय सांगावं! लाऊ रडलाच नाही. शिडीवरून बापाने उचलून धरलं, त्याने निळी चोखणी तोंडातून काढली, शर्टाला पुसली, आणि बापाने ती बांधल्यावर फांदीला थोपटून म्हणाला, "बरंय." मग बन मागितला. सगळं मिळून चार मिनिटं! सिसेलच्या दहा मिनिटांवर मात! एस्बेनला वाटलं, आत्ताच्या आत्ता वॉर्डात फोन करावा.

तेवढ्यात आस्गर शिडीवर चढला. "बाबा, माझी कुठे आहे?"

"असेल तिथेच. खाली ये."

आस्गरला ती सापडली. आईच्या अक्षरात नाव आणि तारीख लिहिलेलं कार्ड, पावसाने फिकट झालेलं. त्याने चोखणी उलटीसुलटी करून पाहिली, मग सरळ तोंडात घातली. जरा वेळ चोखून, वाइन चाखणाऱ्या माणसासारखा चेहरा करून तो म्हणाला, "ही माझी नाही."

"अरे, सहा वर्षांपूर्वीची चव काय आठवणार तुला?"

"चव नाही. माझी मी अर्धी खाल्ली होती. इथून इथपर्यंत. फोटोत आहे. ही तर अख्खी आहे."

विगो आणि त्याच्यामागे बर्ट्राम तोवर फांदीवरून पुढे सरकले होते. विगोने आपल्या चोखणीची कडी कात्रीने कापली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. झाडावरच्या चोखणीची कडी शाबूत. बर्ट्रामची स्टोव्हवर पडून एका बाजूने वितळली होती. झाडावरची कशी, दुकानातून आजच आणल्यासारखी. त्या दोघांनीही खात्री करायला आपापली तोंडात घातली. लिंडनच्या फांद्यांवर तीन थोराड पोरं ओळीने बसून गंभीरपणे चोखण्या चोखत होती, आणि त्यातल्या एकाला पँट नव्हती.

जुळ्यांच्या आईने एस्बेनकडे पाहिलं. "एवढ्या मोठ्या मुलांना अजून…?"

"चालत आलंय आमच्या घराण्यात," एस्बेन म्हणाला. दुसरं काही सुचेना.

त्याचं लक्षच नव्हतं. तीन नव्या चोखण्या. तिन्हीवर सिसेलचं अक्षर. म्हणजे खऱ्या तिने बांधल्याच नाहीत. आधी त्याच्या मस्तकात तिडीक गेली. दोन वर्षं मला मेणबत्ती म्हणून घेतलं, आणि ही बया स्वतः पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकून ऐटीत मागे न बघता चालत येते! मग त्याला ती दुकानात उभी दिसली, तसलीच, त्याच रंगाची चोखणी शोधताना, तीन वेळा, एकटी. राग कुठल्या कुठे गेला.

"आईने बदलल्या," आस्गर वरून म्हणाला. हा पोरगा पुढे पोलिसात जाणार.

"छे!" एस्बेन म्हणाला. "झाडाने… झाडाने दुरुस्त केल्या. झाड ते करतं."

मोठ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बापाची कीव करून माना डोलावल्या. लाऊ मात्र बन खायचा थांबला. "माझीपण दुरुस्त करणार?"

"करेल की," बाप म्हणाला. एक खोटं निभवायला दुसरं लागतं, आणि एस्बेनला दुसरं नेहमी पहिल्यापेक्षा वाईट सुचतं.

सिसेल चारला आली. दारातल्या बाकावर बसून बूट काढता काढता तिने विचारलं, "झालं?"

"झालं. चार मिनिटांत. रडला नाही."

"शाबास." तिने एक बूट काढला. "खरीच बांधलीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे… तीच ना? निळी?"

"तीच निळी. दातांच्या खुणांसकट," एस्बेन म्हणाला. "बदलायची असते, हे मला कोणी सांगितलं होतं का?"

सिसेल दुसऱ्या बुटासकट तशीच बसून राहिली. वॉर्डाला धाकात ठेवणाऱ्या त्या बाईने बाहीला नाक पुसलं. "शेवटचा होता रे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला जमणारच नाही. मग मीच जाईन आणि…" तिने कोटाच्या खिशातून पाकीट काढलं. आत नवीकोरी निळी चोखणी.

"कुठून आणलीस?"

"पेट्रोल पंपावरून."

यावर एस्बेनला खूप काही बोलता आलं असतं. दोन वर्षांची उधारी होती. पण तो एवढंच म्हणाला, "शिडी अजून सायकलीतच आहे."

खालच्या मजल्यावरच्या आग्नेटेबाईंना पोरांजवळ बसवून दोघं निघाले. सहा वाजले होते, पण इकडे जूनचं ऊन रात्री दहापर्यंत हटत नाही, त्यामुळे चोरी अगदी उजेडात करावी लागली. झाडाखाली सकाळच्याच बाई उभ्या होत्या. मुली नव्हत्या. हातात छत्री होती आणि छत्रीच्या मुठीने त्या वरची एक फांदी ओढत होत्या. दोघांना पाहून त्यांनी छत्री उघडली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

 एस्बेनने शिडी लावली. आधी बाईंना वर जाऊ दिलं.

पुढच्या रविवारी लाऊने हट्ट धरला: दुरुस्ती झाली का ते बघायचं. सगळी वरात पुन्हा उद्यानात. बापाने उचलून धरल्यावर लाऊने आपली चोखणी पाहिली. एक खूण नाही, एक ओरखडा नाही. "बरी झाली!" तो ओरडला. "आता घरी नेऊ."

एस्बेनने सिसेलकडे पाहिलं. "तू सांग त्याला."

"दुरुस्तीचं खोटं तुझं."

"आणि चोखणी तुझी."

या भांडणात बराच वेळ गेला. तोवर लाऊने ती रिबिनीसकट तोंडात घातलीही होती.  खरं सांगायचं तर, ओढून काढायची हिंमत दोघांतही नव्हती. लाऊने दोनदा चोखलं, थांबला, चोखणी बाहेर काढली आणि तिच्याकडे बघितलं.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "असू दे झाडाला."

आणि बापाच्या हातातून सरकून तो तळ्यातल्या बदकांकडे पळाला. मागे बघितलं नाही.

दोघं शिडीपाशी उभी राहिली. लाऊला एवढं सोपं गेलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण दोघांनाही रडू येत होतं. सिसेलचा हात कोटाच्या खिशात होता, सकाळपासूनच होता. एस्बेनने आपलाही हात तिच्या खिशात घातला. बोटांना रबर लागलं. अर्धी खाल्लेली एक. कडी कापलेली एक. वितळलेली एक. आणि दातांच्या खुणांची एक.

"रोज बरोबर घेऊन फिरतेस?"

"फक्त ड्यूटीच्या दिवशी," सिसेल म्हणाली. "आणि रविवारी."

एस्बेनने बोटांनी पुन्हा मोजल्या. चार. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची मोजणी बरोबर आली होती. मग त्याने मान वर करून तळ्याकाठी धावणारी पोरं मोजली. ती पाच होती.