बनसोडे मॅडम घसरायला शिकतात

इस्लामपुरात प्रियदर्शनीला सगळे बनसोडे मॅडम म्हणतात. लग्नानंतरचं तिचं आडनाव कांबळे. पण ड्रायव्हिंग स्कूल काढताना तिनं वडलांचं आडनाव लावलं, कारण ते आडनाव लोकांना ठाऊक होतं. गुंडा बनसोडे यांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली आणि एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. "बनसोडेची पोरगी शिकवती म्हंजे नीटच शिकवंल," असं म्हणत लोक आपल्या सुना-लेकी तिच्याकडे धाडू लागले. त्याला आता अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत तिची जागा बहुतेक वेळ ड्रायव्हरच्या शेजारी. तिथं तिच्या पायाखाली जादाचा ब्रेक आणि जादाचा क्लच बसवलेला होता. शिकणारीचं चुकलं की ती पाय दाबायची. साखर कारखान्यातल्या क्लार्क, अंगणवाडीच्या बाया, फौजी नवऱ्यांच्या बायका, अशा सातशेच्या वर जणी तिनं रस्त्यावर आणल्या. लायसनच्या परीक्षेतला आठाचा आकडा तर ती डोळे बांधूनही काढील, असं तिचे विद्यार्थी म्हणायचे.

मागच्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत एक गोष्ट घडली. दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या हरणाबाई नावाच्या बाईंना घेऊन ती आष्ट्याच्या बाजूला निघाली होती. सकाळचे नऊ वाजले होते. एका फडातून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलरसकट रस्त्यावर चढला. हरणाबाई घाबरल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. प्रियदर्शनीनं आपला ब्रेक तळापर्यंत दाबला आणि बाजूनं हात घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. पण ट्रॅक्टरच्या चाकांनी फडातला चिखल डांबरावर आणला होता. चाकं जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र चिखलावरून सरळ पुढं सरकत राहिली. स्टिअरिंग वळलेलं होतं, गाडी वळत नव्हती. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर दुसऱ्या अंगाला दाबला, म्हणून दोघी वाचल्या. गाडी मागच्या ट्रेलरपासून हातभर अंतरावर थांबली.

हरणाबाईंनी त्यानंतर शिकणं सोडलं. प्रियदर्शनीनं दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वर्ग घेतले. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. गाडी घसरू नये म्हणून काय करायचं, हे ती सातशे जणींना शिकवून बसली होती. गाडी घसरलीच तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं वडलांना विचारलं. आबा म्हणाले, "गाडी घसरूच द्यायची न्हाई. बास."

तिची जुनी विद्यार्थिनी राजनंदिनी जनावरांची डॉक्टर होती आणि सांगलीच्या एका मोटर क्लबात जायची. तिनं सांगितलं, "मॅडम, जानेवारीत आमचा सरावाचा दिवस आहे. मातीच्या मैदानावर प्लास्टिकचे ते उभे कोन मांडतात, रस्त्याच्या कामावर असतात तसले, त्यातून एकेक गाडी वेळ लावून सोडतात. नवख्यांना शेजारी बसून शिकवतात पण. घसरायचंच असेल तर त्यासारखी जागा नाही."

प्रियदर्शनीनं नाव दिलं. घरात सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "जा की." आबा उठून बाहेर गेले. पण रविवारी पहाटे ती गाडी पुसत होती, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घेऊन गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"आबा, तुमी कुठं?"

"बघतो तरी काय करत्यात ते. गाडी पळवायला लोक सुट्टी घेत्यात म्हंजे नवलच हाय."

मैदान मिरजेच्या पुढं, एका बंद सूतगिरणीच्या मागं होतं. मुरूम पसरून सपाट केलेला माळ होता आणि धूळ कमी उडावी म्हणून टँकरनं पाणी मारलं होतं. बावीस गाड्या आल्या होत्या. बहुतेक रोजच्या वापरातल्याच, फक्त काहींवर आकडे चिकटवलेले होते. लाल कोनांच्या रांगा, मधे टायरचे दोन ढीग, कडेला पांढऱ्या छत्रीखाली वेळ मोजणारी माणसं आणि एक रुग्णवाहिका.

प्रियदर्शनीच्या ऑल्टोच्या टपावर स्कूलची पाटी आणि मागं लाल रंगात मोठा 'एल' होता. दोघातिघांनी हसून फोटो काढले. तपासणीला मानसिंग पिसाळ म्हणून साताऱ्याचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. तरुणपणी रॅलीत गाड्या चालवलेल्या, आता नवख्यांना शिकवायला येत. त्यांनी गाडीतली चटई, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या सगळं बाहेर काढायला लावलं. मग शेजारच्या सीटखाली बघितलं.

"हे जादाचे पेडल चालणार नाहीत, ताई. शेजारी मी बसणार. चुकून माझा पाय पडला तर?"

"पाय पडायलाच बसवलेत ते," प्रियदर्शनी म्हणाली.

"ते रस्त्यावर. इथं गाडी एकानंच चालवायची."

तिनं बारा नंबरचा पाना काढला आणि आडवं पडून दोन्ही पेडल सोडवले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच निघाले होते. बोल्ट गंजलेले होते, वेळ लागला. आबा पेडल हातात घेऊन उभे राहिले.

आधी सगळ्यांना मार्ग पायी फिरवून दाखवला. सुरुवातीला सरळ, मग डावीकडे लांब वळण, मग कोनांमधून नागमोडी, मग टायरच्या दोन ढिगांभोवती आठाचा आकडा आणि परत. आठ बघून प्रियदर्शनीला बरं वाटलं. बाकी काही जमलं नाही तरी एवढं जमेल, असं तिनं मनाशी धरलं.

पहिली फेरी तिनं एकटीनं मारली. झेंडा पडल्यावर ती निघाली ती दुसऱ्या गिअरमध्ये, आणि शेवटपर्यंत दुसऱ्यातच राहिली. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी तिचा पाय ब्रेकवर जात होता. एकही कोन पडला नाही. वेळ लागला एक मिनिट एकतीस सेकंद. तिच्या आधीच्या गाडीला त्रेसष्ट सेकंद लागले होते. फळ्यावर तिचं नाव सगळ्यात खाली लागलं.

"झ्याक चालवलीस की," आबा म्हणाले. "एक बी कोन पाडला न्हाईस."

"आबा, इथं तसं चालत न्हाई."

दुसऱ्या फेरीला मानसिंग शेजारी बसले. ते बोलायला लागले ते थांबेचनात. "तिसरा टाका. अजून. अजून. आता सरळ आहोत तोवरच ब्रेक, जोरात. सोडा! आता वळा. जिथं जायचंय तिकडं बघा, कोनाकडं बघू नका." लांब वळण बरं गेलं. नागमोडीत दोन कोन पडले. मग आठ आला. तिथं टँकरचं पाणी जास्त सांडलं होतं. प्रियदर्शनी रोजच्या आठाच्या तिप्पट वेगानं आत शिरली, गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जायला लागलं, आणि तिनं ब्रेक तळापर्यंत दाबला. गाडी तशीच सरळ सरकत टायरच्या ढिगावर गेली. ढीग कोसळला, इंजिन बंद पडलं. लाल झेंडा दाखवून मागची गाडी थांबवली. चार माणसं पळत येऊन टायर उचलायला लागली.

मानसिंगनी हेल्मेट सारखं केलं. "काय झालं, सांगा."

"घसरली."

"घसरली कशानं?"

तिनं कोसळलेल्या टायरांकडे बघितलं. मग म्हणाली, "ब्रेकनं."

"चाक फिरायचं थांबलं की स्टिअरिंग नुसतं शोभेला. ब्रेक थोडा सोडा, चाक फिरायला लागेल. फिरणारं चाकच वळतं. पाय उचलायचा, एवढंच आहे. पण भीती वाटते तेव्हा पाय उचलत नाही, तिथंच सगळी गंमत आहे."

गाडीचा पुढचा बंपर एका बाजूनं निघाला होता. तो दोरीनं बांधून ती कडेला आली. आबा तिथं खुर्चीवर बसले होते. सगळ्यांनी बघितलं होतं तसं त्यांनीही बघितलं होतं. ती शेजारी जमिनीवर बसली आणि पाणी प्यायली. दोघं पुढच्या गाड्या बघत राहिले.

मग आबा म्हणाले, "वडूजच्या रोडला माझी बी अशीच घसरली हुती."

तिनं मान वळवली. "कवा?"

"तू चौथी-पाचवीत आसशील. अवकाळी झाल्ता. वळणावर मेंढरं आडवी आली. चाळीस माणसं आत. म्या ब्रेक हाणला आन् मागनं गाडी फिरली. रस्त्याला आडवी झाली, आन् बाभळीपाशी जाऊन थांबली. एक बी मेंढरू मेलं न्हाई."

"हे तुमी कवा सांगितलं न्हाई."

"लोकांनी खाली उतरून हात जोडलं. कंडक्टरनं डेपोत सांगितलं, बनसोडेनं कसबानं गाडी फिरवून वाचवली. सायबांनी नारळ दिला. हार घातला." आबांनी मांडीवरची टोपी उलटी केली आणि परत सुलटी केली. "म्या डोळं झाकलं हुतं. गाडी कशी थांबली, मला ठाव न्हाई."

तो नारळ तिला आठवत होता. आईनं त्याची बर्फी केली होती आणि गल्लीत वाटली होती.

"आईला ठाऊक हुतं?"

"न्हाई. कुणालाच न्हाई." मग ते म्हणाले, "तू इचारलंस तवा सांगाय पायजे हुतं. मला येत न्हाई, आसं."

तिला राग आला. चिखलावर ती ट्रेलरकडे सरकत होती, ते पाच-सहा सेकंद तिला आठवले. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, उन्हात, अनोळखी गाड्यांच्या धुळीत बसलेला. तेवढ्यात माइकवरून तिचा नंबर पुकारला. ती उठली. "टोपी घाला, ऊन लागंल," एवढंच म्हणाली आणि हेल्मेट घेऊन गेली.

तिसऱ्या फेरीला मानसिंग बसले नाहीत. "आता तुमची तुम्ही," म्हणाले.

लांब वळणाला ती तिसऱ्या गिअरमध्ये होती. नागमोडीत एक कोन घासला गेला आणि पडला. आठाच्या पहिल्या अर्ध्याला गाडीनं पुन्हा नाक बाहेर टाकलं. तिचा पाय ब्रेकवर गेला, चाकं अडकली, गाडी सरळ सरकायला लागली. टायरचा ढीग समोर आला. त्या वेळी तिनं पाय उचलला. नंतर ती सांगायची की, पाय उचलताना, ब्रेक सोडला म्हणजे आता आपण धडकणार, असंच सगळं अंग सांगत होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढच्या चाकांनी मुरूम धरला, स्टिअरिंग हाताला जड लागलं, आणि गाडी ढिगाला वळसा घालून बाहेर आली. मागची चाकं थोडी फेकली गेली. तिनं पुढच्या ढिगाकडे बघितलं आणि ॲक्सिलरेटर दाबला.

वेळ लागला एक मिनिट बारा सेकंद, पडलेल्या कोनाचे दोन सेकंद वर. बावीसांत ती एकोणिसावी आली. राजनंदिनी पाचवी आली होती, ती पळत आली आणि तिनं मॅडमना मिठी मारली. मानसिंगनी लांबूनच हात वर केला आणि पुढच्या गाडीकडे वळले.

दुपारी परत निघताना राजनंदिनीनं आबांना विचारलं, "कसं वाटलं, आजोबा?"

"लय धूळ हाय," आबा म्हणाले.

आष्ट्याजवळ गाडीत आबा म्हणाले, "पाय उचलल्यावर किती येळ लागतो?"

"कशाला?"

"वळाय. गाडी वळाय."

"लय न्हाई. एक सेकंद आसंल. पण लय वाटतो."

आबांनी मान डोलावली.

त्या आठवड्यात तिनं ओळखीच्या एका शेतकऱ्याचा, ऊस तुटून गेलेला आणि रोटर मारून सपाट केलेला तुकडा मागून घेतला. प्रत्येक विद्यार्थिनीचा शेवटचा धडा आता तिथं होतो. पाणी मारायचं, गाडी पळवायची, ब्रेक दाबून चाकं अडकवायची आणि पाय उचलायचा. या धड्यावरून सुरुवातीला कुरबुर झाली. एकीचा नवरा फोनवर म्हणाला, "गाडी घसरवायला बायकोला पाठवली न्हाई मी." दोघींनी नाव काढून घेतलं. प्रियदर्शनीनं त्यांना थांबवलं नाही आणि धडाही थांबवला नाही.

एका दुपारी आबाच त्या रानात आले. विद्यार्थिनी गेल्या होत्या. ते सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीट मागं सरकवली. पहिल्या तीन वेळा त्यांचा पाय ब्रेकवरून निघाला नाही. चौथ्या वेळी निघाला. गाडी ढेकळांवरून वळली, तेव्हा त्यांनी "आरं तिच्या" एवढंच म्हटलं आणि आणखी एकदा मारू म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एकूण अकरा वेळा गाडी घसरवली.

मार्चमध्ये क्लबचा पुन्हा सराव झाला. मानसिंगनी स्वतः फोन करून बोलावलं. पण त्या रविवारी प्रियदर्शनीला एका विद्यार्थिनीला पहिल्यांदाच हायवेवर साताऱ्यापर्यंत न्यायचं होतं, म्हणून ती सरावाला गेली नाही.