टोकनाविना आभाळ
ओल्या हरभऱ्याचा वास आला की पूर्णा गावातल्या आमच्या अंगणातील एक दुपार आठवते. वडील आणि मी घाटे सोलत असताना टीव्हीवर बातमी आली: विमानतळालगत सरावाचे लष्करी हेलिकॉप्टर प्रवासी विमानाच्या वाटेत आले. विमान सुखरूप उतरले. हेलिकॉप्टरचे काय झाले, ते कोणी सांगेना. दादा तिथेच लष्करी हेलिकॉप्टर चालवण्याचे प्रशिक्षण घेत होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. विमान आणि हेलिकॉप्टर यांच्या उंचीत अंतर राखतात, असे मी समजावले. एकेरी रुळावर इंजिन चालवलेले वडील म्हणाले, “टेशनमास्तरचं टोकन हातात आल्याबिगर म्या गाडी हलवली न्हाई, माय. म्होरं वाट मोकळी हाय, हे वर कोण सांगतंय?” मी पुन्हा दादाचा नंबर लावला. सायंकाळी दादाचा फोन आला. “त्या हेलिकॉप्टरात मीच होतो. इमानवाल्यांचा रेडिओ वेगळा, आमचा वेगळा. ते काय बोलायलेत, मला ऐकूच आलं न्हाई.” आज मी हवाई सुरक्षेत संशोधन करते, त्याचे उड्डाण असले की मात्र फोन हातातून सोडत नाही.