नाव ठेवण्याआधीची सुई

“बारशाआधी पोर उंबरठ्याबाहेर जाणार नाही, विहीणबाई. सांगून ठेवते!”

“बारसं आठव्या दिवशी. सुई आजच टोचायला हवी.”

“कसली एवढी घाई? तापलंय का पोर?”

“दुखणं दिसेल तेव्हा सुई कामाची नाही, तिदाबाई.”

तिदा ही सिबोची आणि माझी थोरली नणंद. सिबो पहाटे बाळंत झाली होती आणि तिची आई मुस्कुता नातीला दवाखान्यात न्यायला निघाली होती. गांबिया नदीकाठच्या आमच्या गावात बिननावाचं मूल घराबाहेर काढत नाहीत; वाऱ्यावरचं काहीबाही त्याला आपलं समजून उचलून नेतं. तिदाचं पहिलं मूल तसंच गेलेलं. म्हणून ती दारातच पाय पसरून बसली होती.

मुस्कुताचा जन्म भाताच्या चिखलात गेला. तिचे तीन मुलगे ऐन तारुण्यात पोट फुगून गेले. पहिल्या दोघांच्या वेळी तिने ताईत बांधले, शेजारणीला चेटकीण ठरवून तिचं दार बडवलं. तिसऱ्याच्या यकृताचा तुकडा राजधानीच्या इस्पितळात तपासला.

डॉक्टरीण म्हणाली, “यकृतातल्या गाठीच्या पेशींत काविळीच्या विषाणूच्या जनुकांचा धागा सापडलाय. माणसाच्या धाग्यात शिवून टाकल्यासारखा. आता उसवता येत नाही.”

“आला कुठून?”

“बहुतेक जन्मतानाच. आईकडून.”

मुस्कुताने एवढंच विचारलं, “मग जन्मतानाच अडवता येतो का?”

“येतो. पहिल्या चोवीस तासांत सुई टोचली तर.”

पोटुशी असताना सिबोच्या रक्तातही तो विषाणू निघाला.

“नर्सलाच इकडे बोलवू या की,” दारातल्या वादात मी मध्ये पडले.

“ती एकटी आहे गं. दवाखाना टाकून कशी येईल?” मुस्कुता म्हणाली.

“स्वतःचे तीन खाल्लेस, आता आमच्या...” तिदा बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सिबो भिंतीला धरून उठली. बाळ तिने आईच्या हातात दिलं. “वन्सं, सरका जरा.”

“सरकू? नवरा शेंगा विकून येईल तुझा, त्याला काय सांगू मी?” तिदाचा आवाज चिरकला. “विहीणबाई, वाटेत पोरीला काही झालं तर? कुणाच्या माथी ते? अहो, बोला की!”

मुस्कुताने बाळाचं तोंड फडक्याने झाकलं, तिदाचे पाय ओलांडले आणि ती नदीच्या वाटेने दवाखान्याकडे निघाली.