आठव्या मशीनचा निरोप

छापलेल्या बातम्यांपेक्षा माझ्याकडे न छापलेले किस्सेच जास्त साठलेत. बातमी संपादक कापतात, किस्सा कोण कापणार? त्यातले निम्मे समुद्रकाठच्या देवबागमधल्या एका खोलीतले.

खोली सॅव्हिओसरांची. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. २००४च्या सुमारास त्यांनी आठ जुनी मशीन वायरींनी जोडली. प्रत्येकाने किनाऱ्याचा एकेक तुकडा घ्यायचा, आकडे एकमेकांना कळवायचे आणि लाटांचा अंदाज काढायचा. पण अंदाज यायचा होड्या गेल्यावर!

सर म्हणाले, प्रत्येक निरोप ऑपरेटिंग सिस्टीम आधी स्वतःकडे घेते, नक्कल करते, मग प्रोग्रामला देते. "म्हणजे आपली कचेरी!" मी म्हटलं. सरांनी त्या कारकुनालाच वगळलं. नेटवर्क कार्डातून निरोप थेट प्रोग्रामच्या मेमरीत. अंदाज होड्यांच्या आधी येऊ लागला.

*

जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले. सिस्टीमच्या नोंदीत आलेले निरोप शून्य. पडद्यावर मात्र आकडे भराभर बदलत होते.

"मग ही बोलतात कशी?"

"बोलतात, साहेब. फक्त सिस्टीमला कळत नाही."

साहेबांनी चहा तसाच ठेवला आणि शेरा मारला, 'बंद करावे'. माणसं बुडाली तरी चालतील, नोंद हवी! मशीन चालूच राहिली. बातमीत मी तसंच लिहिलं. नेमकं तेच कापलं गेलं.

*

होडीवाला पांडू तांडेल सरांना विचारल्याशिवाय होडी लोटत नसे. एकदा सरांनी वादळ सांगितलं, तो दोन दिवस घरी बसला. बाहेर लख्ख ऊन! मेमरी पुसायची राहिली होती, मागचेच आकडे पुन्हा वाचले गेले.

पांडू दारातूनच म्हणाला, "सर, तुमचो वारो शिळो."

तेव्हापासून सर रोज संध्याकाळी मेमरी स्वतः पुसत.

*

खाडीच्या तोंडाचा तुकडा आठव्या मशीनकडे होता. त्याचं कार्ड खाऱ्या हवेने गंजलं. उजाडता उजाडता सरांनी ते मशीन बंद केलं, वायर उपसली, कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी शेजारीच होतो. समुद्र शांत. बाहेर पांडूची चार माणसं होडीला हात लावून उभी.

पडद्यावर आठव्या तुकड्याचे आकडे हलले. एक मीटर. दोन. पाच.

सरांनी उरलेली सातही मशीन तपासली. तो तुकडा कुणाकडेच नव्हता.

विचारायला पांडू आत आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"वायर तर तुमच्या हातात आसा, सर. मगे ह्या कोणी सांगल्यान?"

पांडूने होडी वर ओढायला लावली.

नऊ वाजता खाडीच्या तोंडाशी पाच मीटर पाणी उभं राहिलं.