सुरूची फांदी आणि आत्याची रांगोळी

लातूर नवा जिल्हा झाला आणि वडिलांची नांदेडहून तिथल्या कचेरीत बदली झाली. माझं नांदेडच्या कॉन्व्हेंटमधलं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला होता, गल्लीत टँकर एक दिवसाआड यायचा. तिथल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मला कुणी ओळखत नव्हतं. मला ते बरंच वाटायचं.

आम्ही लातूरलाच राहणाऱ्या आत्याच्या घरी उतरलो; तिला मात्र सगळे ओळखत. दर नाताळला चर्चच्या दारात रांगोळी तिची. नवरा गेल्यापासून तिला पुढे होऊन करता येईल असं मंडळीत हे एकच काम उरलं होतं. तिच्या तोंडून त्या रांगोळीचं ऐकताना मला थोडी लाज वाटायची, हेही सांगून टाकते. शाळेतल्या नाताळात रांगोळी नसे, सजवलेलं नाताळचं झाड असे.

त्या वर्षी चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते म्हणाले, "दारात रांगोळी, आंब्याची पानं, ही मूर्तिपूजकांची रीत. यंदापासून बंद."

आत्या मागच्या बाकावर होती. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "वीस वर्सं काढून राहिले मी. येशू कधी न्हाई म्हटला न्हाई."

चार दिवसांनी पाळकसाहेब आमच्याकडे आले. हातात परदेशाहून टपालानं आलेली इंग्रजी पुस्तिका होती. पहिल्या दोन पानांवर लाल पेन्सिलीच्या रेघा.

"बेटा, तुझं इंग्रजी चांगलं. एवढं मराठीत उतरव, नाताळाआधी मंडळीला वाचून दाखवू. दारावरच्या पानांबद्दल स्पष्ट लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. पण तिसऱ्या पानावर माझा हात थांबला. येशूच्या जन्माची तारीख पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, कुठेच नाही. पंचवीस डिसेंबरला रोमी लोक सूर्याचा जन्म साजरा करत. हिवाळ्यात घरात हिरवी फांदी आणायची रीत मूर्तिपूजकांची. म्हणून झाडही नको आणि नाताळही नको, असं ती पुस्तिका म्हणत होती.

मी घरचं मराठी शास्त्र काढून जन्माची गोष्ट तीनदा वाचली. मेंढपाळ होते, गव्हाण होती. तारीख नव्हती, झाड नव्हतं. इतकी वर्षं मी ते झाड बेथलेहेमचंच समजत होते. आपल्याच घराची भिंत कागदाची निघावी तसं वाटलं.

आत्या तांदूळ निवडत होती. तिला सगळं वाचून दाखवलं. वाटलं, ती खूश होईल.

तिचं सूप मांडीवरच राहिलं. "म्हंजे झाडबी न्हाई?"

"नाही."

"पाळकसाहेबांनी विश्रामगृहातल्या सुरूच्या झाडाची फांदी सांगून ठेवली हाय गं, नाताळाचं झाड म्हणून. पोरं कापूस पिंजून राहिलेत, बर्फ करायला." मग तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्यांचं झाड घालवू नको. माझं गेलं तेवढं लई झालं."

मला तिचा राग आला. तिचं न ऐकता मी पूर्ण पुस्तिका उतरवली आणि वही पाळकसाहेबांना नेऊन दिली. ते उभ्यानंच वाचत गेले. तिसऱ्या पानावर ते खुर्चीत बसले. जी पुस्तिका पुरावा म्हणून त्यांनी माझ्या हाती दिली, ती त्यांनी स्वतः पुरती वाचलीच नव्हती.

शेवटी हळूच म्हणाले, "ही मागची पानं गाळू या. लोक गोंधळतील."

पुस्तिकेनं बसला नव्हता एवढा धक्का मला या वाक्यानं बसला. मी मोठ्यांपुढे कधी बोलत नसे. पण तोंडून निघून गेलं, "मग पुढचीही गाळते."

त्यांनी वही मिटली आणि आपल्याजवळच ठेवली. नाताळाआधीच्या रविवारी काहीच वाचलं गेलं नाही.

नाताळच्या सकाळी आत्या तांदूळ धुतलेलं पाणी तांब्यात घेऊन चर्चकडे निघाली, मीही मागोमाग गेले. सडा टाकायला दुसरं पाणी नव्हतं. तेवढ्यात जेमतेम दाराएवढी जागा भिजली. ती वाकून ठिपके टाकत असताना पाळकसाहेब पोरांनी कापूस लावलेली सुरूची फांदी खांद्यावर घेऊन आले आणि थबकले. आत्यानं वर पाहिलं नाही. मी रिकामा तांब्या घट्ट धरून उभी होते.

मग ते चप्पल काढून, ठिपके न पुसता, कडेकडेनं आत गेले. फांदीतून थोडा कापूस रांगोळीवर गळला. आत्यानं तो उचलला नाही, त्याच्याभोवतीनं रेघ ओढली.