सहावीतच

ज्याला गणित खरंच येत नाही ते मूल खाडाखोड करतं. मुद्दाम चुकणारं मूल सुवाच्य अक्षरात चुकतं. मार्चमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी तशी चुकायला लागली.

कारेलीबागेतल्या घरात निवृत्तीनंतर मी शिकवण्या घेते. वर भाड्याने राहतात ही मुलगी आणि तिची आई. आई काबूलची, कॉलेजात शिकवणारी. नवरा वारल्यावर शिष्यवृत्ती मिळाली म्हणून लेकीला घेऊन बडोद्याला शिकायला आली आणि इथे असतानाच तिकडचं सरकार बदललं. आता घरी बसून भाषांतराची कामं करते. त्यांना जागा दिली तेव्हा सोसायटीत कुजबुज झाली होती. घर माझं आहे, डोकी तुमची का दुखतायत, असं मी सगळ्यांना सुनावलं होतं.

तर वार्षिक परीक्षेआधी मी घेतलेल्या चाचणीत या हुशार पोरीने अपूर्णांकांची सगळी उत्तरं चुकवली. राग आला की मला एका जागी बसवत नाही. फळा पुसला, पुसलेला परत पुसला. बाकीची मुलं गेल्यावर तिला थांबवलं.

"हे तुला येत नाही?"

"येते, टीचर."

"मग?"

कंपासपेटीचं झाकण उघडत-मिटत ती म्हणाली, "परीक्षेत पण नापास झाली तर मी सहावीतच रहीन ने?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काबूलला तिची आजी अंथरुणाला खिळलेली. मुलींची शाळा तिथे सहावीपर्यंतच, म्हणून आजी रोज फोनवर म्हणायची, पोरगी सहावीत आहे तोवर या. आईने जायचं ठरवलं होतं. पोरीने आपल्यापुरती वाट काढली होती. सहावीतच राहिलं तर तिथे गेल्यावर निदान वर्षभर तरी शाळा मिळेल.

उगाच खंडेराव मार्केटला जाऊन, घरात कोणी खात नाही ती कारली घेऊन आले. मग न राहवून जिना चढले.

आई बॅग भरत होती. काबूलला आता बायकांना कॉलेजात शिकवायला घेत नाहीत, दिराच्या घरात राहावं लागणार, तो म्हणेल तसं वागावं लागणार. इथे स्वतःच्या जिवावर जगणारी बाई तिथे दुसऱ्याच्या ताटातलं खाणार. हे सगळं तिने गिळलं होतं, कारण तिकडे तिची आई होती. मुलीच्या शाळेचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. "घर पे मैं पढ़ाऊँगी," ती म्हणाली.

मी चाचणीचा कागद तिच्या हातात दिला आणि पोरीने काय ठरवलंय ते सांगितलं. ती बॅगेवरच बसली. "मुझे नहीं बताया," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मला तिथे थांबवेना आणि खालीही जाववेना.

बॅग परत माळ्यावर गेली. जूनमध्ये मुलगी सातवीत गेली. मी पेढे घेऊन वर गेले तेव्हा व्हिडिओ कॉल चालू होता. उशीवर टेकलेली म्हातारी काहीतरी विचारत होती. आईने चटकन उत्तर दिलं. ते ऐकून मुलीचा पेढा हातातच राहिला.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मी विचारलं, "आजी काय म्हणत होती?"

"मी कितवीत आहे, विचारत होती."

"मग?"

"मम्मी बोलली, सहावीत."